लोखंडे शोधताना

सकाळी ६.४५

रात्री लावून ठेवलेलं काम सकाळी पुरं झालेलं असतं. चहाला उकळी येईपर्यंत मी लॅपटॉप उघडून बघते. मुंबई-पुण्याच्या काही मराठी साप्ताहिकांचे १८९६ ते १८९८ या काळातले अंक स्कॅन करून आमच्याकडे आहेत. त्या चित्रांतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून देणारं ओसीआर रात्रभर चालू असतं. विषय आहे मुंबई इलाख्यातला प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला, हे पाठ्यपुस्तकातलं झालं. मला बघायचंय की आठवड्यामागून आठवडे तो वर्तमानपत्रांत कसा पसरला, त्यात कुणाची नावं छापली गेली आणि कुणाची नाहीत.

पहिलं पान बरं आलंय. म्हणजे 'प्लेग'चा कुठे 'ष्लेग' झालाय, कुठे 'प्ठेग', आणि एके ठिकाणी नुसताच 'ग'. वाचणाऱ्याला संदर्भानं कळतं; मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी हे चार वेगळे रोग आहेत. यात यंत्राचा फारसा दोष नाही. त्याला देवनागरी शिकवली ती बहुतेक हिंदी छापाईवरून, आणि आपला ल नि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. त्यात जुने शिशाचे खिळे, झिजलेले, जास्त शाई खाल्लेले. जोडाक्षरातल्या वरच्या मजल्यावर कोण राहतं हे भिंग लावूनही कळत नाही असे काही परिच्छेद आहेत.

चहा उतू गेला. रोजचंच.

८.३०

नाश्त्यानंतरचा तास शब्दांच्या यादीचा. हे काम ऑफिसात होत नाही, तिथे माणसं बोलतात.

१८९७ची मराठी शोधायची तर आजचं लेखन उपयोगाचं नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले १९६२ मध्ये. त्याआधीच्या छापील मराठीत 'केलें', 'नाहीं', 'पुण्यांत', 'कीं' असे न उच्चारलेले अनुस्वार पानोपानी. ते एका ओळीच्या आज्ञेनं काढता येतात, फक्त मूळ मजकुराची एक प्रत बाजूला जपून ठेवायची. विभक्तीचे प्रत्यय जरा त्रास देतात. प्लेगाचा, प्लेगानें, प्लेगमुळें, प्लेगच्या. इंग्रजीत एक शब्द शोधून भागतं तिथे आपल्याला अख्खं गणगोत शोधावं लागतं. पण तेही जमतं.

जमत नाही ते डोळ्याला न दिसणारं. पुण्याच्या प्लेग कमिटीचा प्रमुख वॉल्टर रँड. त्याचं आडनाव 'र'वर चंद्रबिंदू देऊन टाइप करता येतं, तसंच 'र'वर अर्धचंद्र आणि त्यावर निराळा अनुस्वार देऊनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आत मात्र एकाची चिन्हं तीन नि दुसऱ्याची चार. एक रँड शोधला की दुसरा सापडत नाही. आमच्या मजकुरात दोघंही आहेत, कारण निम्मी पानं एका सॉफ्टवेअरनं वाचली आणि निम्मी दुसऱ्यानं.

त्याहून वाईट ते 'गोऱ्या'मधलं ऱ्या. जुन्या फॉण्टांमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात 'दुस-या', 'तिस-या' असं मध्ये रेघ घालून लिहिलेलं सगळ्यांनीच पाहिलंय. आमचं ओसीआरही नेमकं तेच करतं, 'गो-या' लिहितं. मग शब्द तोडणारा प्रोग्रॅम येतो, रेघेपाशी करवत चालवतो, आणि 'गो' व 'या' असे दोन तुकडे हातात देतो. मार्च ते मे १८९७ या काळात पुण्यात डरहम लाइट इन्फन्ट्रीचे गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी शोधत होते; या काळाबद्दल वाचताना हा शब्द तर मध्यभागी आहे. आता गंमत बघा. 'गोरे आले', 'गोरे उभे होते' ही वाक्यं सुखरूप राहतात. 'गोऱ्यांनी दार फोडलं' हे वाक्य गळतं. म्हणजे मराठीच्या व्याकरणामुळे गोरे फक्त येतात आणि उभे राहतात, करत काही नाहीत! असा आलेख कुणी परिषदेत दाखवला तर टाळ्याही पडतील.

यादीत ऱ्याची सगळी रूपं घातली. रेघेवाला 'गो-या' सगळ्यात आधी.

१०.३०

ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि एक सर्व्हर. त्याचा पंखा सिलिंगच्या पंख्यापेक्षा मोठ्यानं वाजतो. आमचा प्रोग्रॅमर वयानं लहान, शिक्षण इंग्रजी माध्यमाचं, मोबाइलवर मराठी रोमनमध्ये लिहिणारा. पण गेल्या वर्षभरात तो १८९७च्या 'कीं' आणि 'हीं'वर माझ्याहून जास्त चिडायला लागलाय.

"ताई, तुमचे लोखंडे भरपूर आलेत," तो म्हणाला.

नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे, कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे, आणि १८८० पासून 'दीनबंधू' चालवणारे संपादक. मुंबईत प्लेगच्या रुग्णांसाठी धावपळ करता करता ९ फेब्रुवारी १८९७ला ते स्वतः प्लेगनंच गेले. त्यानंतर महिन्याभरात, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या, त्याही रोग्यांची सेवा करताना प्लेगनं. लोखंड्यांच्या जाण्याची बातमी आमच्या संचातल्या कुठल्या साप्ताहिकानं, किती ओळींत, पानावर कुठे दिली, हे मला हवं होतं. ९ फेब्रुवारी हा मंगळवार. 'केसरी'चाही वार तोच. म्हणजे साप्ताहिक म्हटलं की बातमी पुढच्या आठवड्याच्या अंकात धरायची. तारखेनं शोधणारे लोक इथे हमखास फसतात. घटना आणि छापील अंक यांत साप्ताहिकाच्या जमान्यात सात दिवस सहज जातात. मास्टहेडवर शक आणि तिथी आधी असते, इसवी सन मागाहून, हे आणखी वेगळं.

भरपूर आलेले लोखंडे मी उघडून बघितले. लोखंडी तिजोरी. लोखंडी कांबी. लोखंडी पेट्या, अस्सल विलायती, एकच जाहिरात अंकामागून अंकात. प्रत्ययांसकट सापडावं म्हणून त्यानं 'लोखंड'पासून सुरू होणारे सगळे शब्द धरले होते, तेव्हा दुसरं काय येणार?

"यातला माणूस कुठाय?"

"माणूस शून्य आहे, ताई."

'नारायण मेघाजी' टाकून बघितलं. शून्य. सरकारनं दिलेली रावबहादूर पदवी होती, म्हणून 'रा. ब.' टाकलं, रावबहादूर मुबलक, हे नाहीत. जाहिरातींचे चौकोन वगळले, तिजोऱ्या गेल्या, बाकी काही बदललं नाही.

या कामात सगळ्यात जड आकडा शून्यच आहे. शंभर उल्लेख आले तर शंभर वाचता येतात. शून्य आलं तर ते नक्की कशाचं, हे कोण सांगणार? त्या साप्ताहिकानं बातमी दिलीच नसेल. दिली असेल आणि नुसतं 'एक प्रसिद्ध गृहस्थ' म्हटलं असेल. ओळीच्या टोकाला नाव तुटून अर्धं खाली गेलं असेल. ओसीआरनं 'लोखंडे'चं 'ळोखंडे' केलं असेल. स्कॅन करताना दोन पानं एकदम उलटली असतील. तो अंकच खंडात नसेल. आणि या सगळ्याच्याही आधी, लोखंड्यांचं स्वतःचं पत्र आमच्या संचात नाही. 'दीनबंधू'चे जुने अंक फार थोडे हाती लागतात. जे पत्र ब्राह्मणेतर कामगारांच्या वस्तीतून लिहिलं जात होतं ते जपणारी दप्तरं, वाडे, संस्था कमी होत्या. जे जपलं गेलं ते आधी स्कॅन झालं. जे स्कॅन झालं ते आज शोधता येतं. जातीचा हिशेब सॉफ्टवेअरमध्ये कुणी घातलेला नाही, तो कागदाबरोबर आपोआप आलाय.

प्रोग्रॅमरला आलेख काढायची घाई असते. आठवड्यागणिक 'प्लेग' किती वेळा आला याची रेघ त्यानं काढली होती, आणि मध्येच ती तळाला टेकलेली. त्या आठवड्यांचे अंक आमच्याकडे नाहीतच. मी म्हटलं, तिथे रेघ तोड. तो म्हणाला, तुटकी रेघ वाईट दिसते. दिसू दे.

दुपारी १२

दुपारचं सत्र इंग्रजीचं, म्हणजे त्यामानानं आरामाचं. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे १८३८ पासूनचे, म्हणजे तो 'बॉम्बे टाइम्स' होता तेव्हापासूनचे अंक पैसे भरून शोधता येतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह', न्यूझीलंडचं 'पेपर्स पास्ट', अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' तर फुकट. 'ट्रोव्ह'वर वाचक स्वतः बसून ओसीआरच्या चुका दुरुस्त करतात, २००८ पासून. निवृत्त माणसं रोज सकाळी आपल्या आजोळच्या गावचं पत्र ओळीओळीनं साफ करतात, असं वाचलं की मला पुण्यातले निवृत्त लोक आठवतात. माणसांची आपल्याकडे वाण नाही; दुरुस्तीला पान उघडून देणारं काही नाही.

मुंबई केबलनं लंडनशी १८७० मध्ये जोडली गेली, ऑस्ट्रेलिया १८७२ मध्ये. त्यामुळे मुंबईच्या प्लेगची तार आणि पुढे रँडच्या खुनाची तार एकाच शब्दांत जगभर छापली जाऊ शकत होती. हे हुडकायची रीत अशी: मजकुराचे पाच-पाच शब्दांचे एकमेकांवर चढलेले तुकडे पाडायचे, आणि कुठल्या दोन पत्रांत बरेच तुकडे जुळतात ते यंत्राला बघू द्यायचं. अमेरिकेत नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या 'व्हायरल टेक्स्ट्स' प्रकल्पानं एकोणिसाव्या शतकातल्या पत्रांची एकमेकांतली उसनवारी याच मार्गानं उघडी केली. साथीच्या रोगांवरही यंत्राच्या मदतीनं काम झालंय. व्हर्जिनिया टेकमधल्या अभ्यासकांनी १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या बातम्या यंत्राकडून चाळून घेतल्या.

पण इंग्रजीतही सगळं आलबेल नाही. ब्रिटिश लायब्ररीच्या एकोणिसाव्या शतकातल्या पत्रांची २००९ मध्ये तपासणी झाली, तेव्हा शब्दांची अचूकता सुमारे ७८ टक्के निघाली. अठराव्या शतकातल्या बर्नी संग्रहाची ६५. ७८ टक्के ऐकायला पहिल्या वर्गाचे गुण वाटतात. तीन शब्दांचं नाव एकत्र शोधलं, आणि प्रत्येक शब्दाचं नशीब स्वतंत्र धरलं, तर तिन्ही शाबूत मिळण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी उरते. आणि ही गोष्ट इंग्रजीची, लंडनची.

तरी माणूस जिथे सापडतं तिथेच शोधतो. कॅनडात 'ग्लोब अँड मेल' आणि 'टोरोंटो स्टार' घरबसल्या शोधता यायला लागले, तसे इतिहासाच्या प्रबंधांत त्या दोघांचेच दाखले वाढले, असं इयन मिलिगन यांनी २०१३ मध्ये दाखवलं. आपल्याकडे १८९७च्या पुण्याबद्दल लिहिताना 'टाइम्स'चे दाखले वाढलेले मला दिसतात. तेव्हाचा 'टाइम्स' इंग्रजांच्या हातातला, आणि झडत्यांकडे बघायची त्याची खिडकी रस्त्याच्या पलीकडची. शोधायला सोपं म्हणून साक्षीदार निवडायचा, हा प्रकार कोर्टात चालला नसता.

१.३०

डबा. मेथीची भाजी. आमचे मार्गदर्शक सर जेवताना एकदा तरी म्हणतात की टेक्स्ट मायनिंग, म्हणजे मजकुराच्या ढिगातून हवं ते उपसून काढणं, इंग्रजांनीच सुरू केलं, आणि विनोद म्हणून ते सोडून देण्यासारखं नाही. मुंबई सरकार दर आठवड्याला देशी पत्रांचे उतारे इंग्रजीत काढून गोपनीय अहवाल छापत असे. अनुवादक ठेवलेले, सरकारला काय खुपतं ते त्यांना माहीत, तेवढंच उचलायचं. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा 'केसरी'तल्या १५ जूनच्या मजकुराचं भाषांतर कोर्टात ओळीओळीनं भांडलं गेलं, आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या अहवालांचे स्कॅन केलेले खंड आम्हीही वापरतो. मूळ अंक हरवलाय आणि सरकारी उतारा शिल्लक आहे, असंही होतं. पोलिसाच्या वहीत पत्ता सापडावा तसं.

२.३०

ग्रंथालय. शून्याचा निकाल कागदाशिवाय लागत नाही, म्हणून रिक्षा केली. खंड काढून देणारे काका मला ओळखतात. नावनोंदणीच्या वहीत माझी सही होईपर्यंत फेब्रुवारी १८९७ टेबलावर आलेला असतो.

"पान हळू उलटा हो, मॅडम. मागच्या खेपेला त्या मुलानं मधूनच धरलं."

फेब्रुवारी मध्याचा अंक आहे. तिसऱ्या पानाच्या डाव्या कॉलमची आतली कड शिवणीत गेलेली. प्रत्येक ओळीची पहिली दोन-तीन अक्षरं बांधणीच्या आत. स्कॅन करताना खंड सपाट उघडला नाही, त्यामुळे आमच्या मजकुरात त्या कॉलमच्या सगळ्या ओळी मधूनच सुरू होतात. 'लोखंडे' ओळीच्या सुरुवातीला आला असता तर यंत्राला फार तर 'डे' दिसला असता. मी पान दोन्ही अंगठ्यांनी अलगद ताणून आत डोकावून वाचलं. म्युनिसिपालिटीची सभा, धान्याचे भाव, कुठल्याशा नाटक मंडळीचा प्रयोग प्लेगमुळे रहित. लोखंडे नाहीत.

त्याच पानाच्या तळाशी आडवी फाट, आणि तिच्यावर कधीकाळी कुणी भल्या मनानं लावलेली चिकटपट्टी. पट्टी आता गडद तपकिरी झालीय. स्कॅनमध्ये ती काळी आली, आणि तिच्याखालच्या चार ओळी ओसीआरच्या दृष्टीनं जन्मालाच आल्या नाहीत. पान खिडकीकडे तिरपं धरलं. प्रकाश एका कोनात आला की पट्टीखाली शाई उठून दिसते, पूर्ण नाही. 'मुंबईस' वाचता आलं. पुढच्या ओळीत 'रा. ब.' आणि त्यापुढे पट्टीचा सगळ्यात जाड डाग. त्याच्यापुढे 'शोक'सारखं काहीतरी. 'थोक'ही असेल, बाजारभावाचा कॉलम शेजारीच आहे. काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं.

"रावबहादूर आहे कुणीतरी," ते म्हणाले.

त्या वेळी मुंबईत रावबहादूर ढिगानं होते. पानाचा फोटो घेतला, तीन कोनांतून.

४.१५

प्रोग्रॅमरनं ते फोटो लगेच हल्लीच्या नव्या एआय मॉडेलला दिले, मी परत येईपर्यंत. ही मॉडेलं जुन्या ओसीआरपेक्षा कितीतरी चांगलं वाचतात, हे मान्यच करायला हवं. जोडाक्षरं फोडत नाहीत, कॉलम ओळखतात, शिवणीत गेलेली अक्षरंही बऱ्याचदा बरोबर धरतात. ज्या पानांवर जुन्या सॉफ्टवेअरनं नुसती रांगोळी काढली होती तिथे आता वाचण्याजोगा परिच्छेद येतो.

पट्टीखालच्या चार ओळीही त्यानं दिल्या. स्वच्छ, पूर्णविरामासकट. मुंबईस एका रावबहादुरांचे निधन झाले व सर्वांस शोक वाटला, अशा अर्थाचं सुबक वाक्य. प्रोग्रॅमर खूश.

मी फोटो मोठा करून समोर ठेवला. डागाखाली जितकी जागा आहे त्यात मॉडेलनं दिलेल्या शब्दांपैकी निम्मेही बसत नाहीत. शिवाय वाक्यात 'झाले' आहे, 'झालें' नाही. म्हणजे १८९७चं वाक्य १९६२ नंतरच्या शुद्धलेखनात आलं. मॉडेलनं वाचलं नव्हतं, त्या जागी काय शोभेल ते लिहिलं होतं. जुनं ओसीआर अडाणी होतं पण त्याचा अडाणीपणा उघडा दिसायचा. 'प्ठेग' बघून कुणी फसत नाही. हे नवं सुशिक्षित आहे, आणि फाटक्या पानाची भोकं इतक्या सफाईनं बुजवतं की शिवण दिसत नाही. मला त्याची खरी भीती वाटते. उद्या हजारो पानं अशी वाचून घेतली आणि मूळ चित्राशी ताडली नाहीत, तर आपण एकोणिसाव्या शतकाचा इतिहास एकविसाव्या शतकाच्या अंदाजावर लिहू, तोही तळटिपांसकट.

"मग वापरायचं नाही का, ताई?"

वापरायचं. पण वाचता न आलेल्या जागी खूण सोडायला सांगायचं, अनुस्वारांना हात लावू द्यायचा नाही, आणि दर खंडातली काही पानं आपण हातानं टाइप करून त्यांच्याशी अक्षर-अक्षर ताडायची. ही हातानं टाइप केलेली पानं म्हणजे या प्रकल्पातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि विश्वास ठेवावा असं एकमेव.

त्यानं सूचना बदलून पुन्हा फोटो दिला. या वेळी 'रा. ब.'नंतर चौकटी कंसात 'अवाच्य' असं आलं. हे बरं.

६

नोंदवही. कागदाची नव्हे, तक्त्यातली. पण आम्ही तिला वहीच म्हणतो. प्रत्येक शोधाला एक ओळ: काय शोधलं, कुठल्या रूपांत, कुठल्या अंकांत, काय आलं. शून्याला आमच्याकडे तीन खाती आहेत: अंक नाही, अंक आहे पण वाचता येत नाही, वाचला आणि उल्लेख नाही. यातलं तिसरंच प्रबंधात लिहायच्या लायकीचं. आज लोखंड्यांची ओळ पहिल्यांदा आपोआप तिसऱ्या खात्यात पडली होती, कारण प्रोग्रॅमला अंक सापडला होता. ती उचलून दुसऱ्यात टाकली आणि शेऱ्यात पट्टी, पान, कॉलम लिहिला.

सर म्हणाले, एवढ्यासाठी अख्खा दिवस? एवढ्यासाठीच. 'प्लेग' हा शब्द हजारो वेळा आला हे सांगायला मी लागत नाही.

रात्री ९.३०

पुढचा खंड रात्रीच्या रांगेत लावला. ऱ्याची नवी यादी त्याला जोडली. त्याच साप्ताहिकाची १८९७ची दुसरी प्रत मुंबईच्या एका ग्रंथालयाच्या यादीत आहे. फेब्रुवारी आहे की नाही ते यादीत दिलेलं नाही, नुसतं 'अपूर्ण' लिहिलंय. तिथला फोन अकरानंतर लागतो. पान तिसरं, कॉलम डावा, तळाकडच्या चार ओळी, एवढाच फोटो मागायचा आहे.